केळीच्या खुंटीपाशी राहिलेला मुद्दा

नाना,

तुमच्या परसातून मी चुकीचं पील आणलं. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो, कारण दुसरा सांगेल तर त्याला तिखटमीठ लावील, आणि आपल्या नात्यागोत्यात तिखटमीठ लावायचं खातं माझ्याकडे आहे.

केळीच्या बुंध्याशी जी पिलं फुटतात त्यांत दोन जाती असतात, हे यावलकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एकाची पानं अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी. ते दिसायला हडकुळं, पण खाली कंद दणकट. ते घ्यायचं. दुसऱ्याची पानं रुंद, डौलदार. ते वर बाळसं दाखवतं आणि खाली कंद नावालाच. ते सोडायचं. मला हे माहीत होतं. केळीवाल्यांच्या घरचा जावई होऊन माझे केस पिकले. तरी ऐन वेळी कुदळ घेऊन तुमच्या केळीपुढे उभा राहिलो आणि हिच्यासाठी दुकानात लुगडं निवडावं तसं पील निवडलं: अंगभर, हिरवंगार, बघताक्षणी डोळ्यांत भरणारं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "साडूबुवा, उत्तर चुकलं. पण चुकलंय झोकात."

तुम्ही असतात तर मी पील आणायला गेलोच नसतो म्हणा.

तुम्हाला ठाऊक आहे, पण हे चार लोक वाचतील, म्हणून सांगून ठेवतो. तुम्ही माझे मोठे साडू. यावलच्या आबांची थोरली मुलगी अक्का तुमची, धाकटी माझी. तुम्ही धुळ्याला शाळेत गणित आणि शास्त्र शिकवायचात, मी जळगावला कचेरीत कागद इकडचे तिकडे करतो. दोन साडवांचं एरवी काय असतं? सासुरवाडीला भेटायचं, एकमेकांच्या ताटाकडे बघायचं आणि कोणाला जास्त वाढलं ते बायकोला वाटेत सांगायचं. आपलंही तसंच व्हायचं होतं. पण पहिल्याच अधिक महिन्यात घोटाळा झाला.

आबांनी दोन्ही जावयांना यावलला धोंडे जेवायला बोलावलं होतं. मी नवा जावई, काठी गिळल्यासारखा ताठ. तुम्ही मुरलेले, ऐसपैस मांडी घालून बसलेले. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, बाजूला अनारसे. आबांनी वाढता वाढता सहज विचारलं, "मास्तर, हा अधिक महिना येतोच कशाला?"

तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. जेवताना तुम्ही घास खाली ठेवलेला मी त्यानंतर फारसा पाहिला नाही.

"आबा, सूर्याचं वर्ष लांब. चंद्राचे बारा महिने त्याहून तोकडे. चंद्र दर वर्षी दहा-अकरा दिवस आधीच आटोपून मोकळा होतो. तीनेक वर्षांत महिन्याभराचा फरक पडतो, तो बुजवायला हा महिना घालायचा. नाहीतर दिवाळी मागे सरकत सरकत उन्हाळ्यात यायची आणि फराळ घामात भिजायचा."

आबा तुपाची वाटी हातात धरून तसेच उभे राहिले. "म्हणजे घाई चंद्रानं करायची आणि भुर्दंड सासऱ्यानं भरायचा?"

"तक्रार चंद्राकडे करा. यात जावयांचा हात नाही. फक्त तोंड आहे." असं म्हणून तुम्ही पुढचा धोंडा उचललात.

आबा इतके हसले की पागोटं सावरावं लागलं. स्वयंपाकघरातून बायका डोकावल्या. मी ताठ बसायचं विसरलो. त्या दिवशी निघताना आबांनी बागेतून दोन पिलं खणून आणली आणि दोघा जावयांच्या हातात एकेक दिलं. "हे माझ्या आजोबांच्या हातच्या केळीचं शे, सांभाळा," म्हणाले. आबा एरवी यावलच्या बोलीत बोलायचे, पण धुळ्याकडच्या व्यापाऱ्यांत राहून त्यांच्या जिभेवर हा अहिराणी 'शे', म्हणजे आपला 'आहे', येऊन बसला होता, आणि मोठी गोष्ट सांगायची असली की तोच निघायचा.

माझं पील जळगावच्या स्टँडवर मी तिकिटाची चौकशी करत असताना एका शेळीनं खाल्लं. तुमचं धुळ्याला पोचलं.

तुमच्या ओट्यावर संध्याकाळी जी मंडळी जमायची त्यांत शेजारचे कापडवाले शेठजी कायमचे. मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या धुळ्याचं पाणी प्यालेले. त्यांनी विचारायचं आणि तुम्ही सांगायचं. आधी थट्टा, मग हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी. तुमच्या ओट्यावर पुस्तकातलं वाक्य मी कधी ऐकलं नाही.

एकदा वैशाखात शेठजी म्हणाले, "मास्तर, बाहेर हा वणवा, आणि माठातलं पाणी गार. पावसाळ्यात हवा गार, तर माठ कोमट. माठाचं डोकं फिरलंय का?"

तुम्ही आत गेलात, तांब्या घेऊन आलात आणि शेठजींच्या तुळतुळीत टाळूवर ओंजळभर पाणी ओतलंत. शेठजी ओरडायच्या आत सुपानं वारा घालायला लागलात.

"कसं वाटतंय?"

"गार वाटतंय, पण हे काय चाललंय?"

"शेठजी, तुम्ही आता माठ आहात. अंगावरचं पाणी वाऱ्यावर उडून जातं, जाताना तुमची उष्णता घेऊन जातं. माठही असाच घाम गाळतो. पावसाळ्यात हवेचं पोट आधीच पाण्यानं भरलेलं, ती आणखी पीत नाही. मग माठ घामेजून नुसता बसून राहतो."

शेठजींनी उपरण्यानं डोकं पुसलं. "समजलं. पण पुढच्या वेळी मास्तर, माठ दुसरा निवडा."

आणि ती केसांची पैज! "खानदेशात दोन माणसं अशी आहेत," तुम्ही म्हणालात, "की त्यांच्या डोक्यावरचे केस अगदी सारखे. एक कमी नाही, एक जास्त नाही. लावा पैज."

"मोजले कोणी?" मी विचारलं.

"मोजायचे कशाला? डोक्यावर केस असून असून किती? लाख-दीड लाख. दोन धरा, तीन धरा. माणसं त्याच्या कितीतरी पट. पंगतीत पानं कमी आणि पाहुणे जास्त झाले तर काय होतं? एका पानावर दोघं बसतात. कुठल्या पानावर ते नाही सांगता येणार. पण बसतात हे नक्की."

शेठजी टाळू चाचपत म्हणाले, "माझ्या पानावर कोण?"

"तुमच्या पानावर गर्दी आहे, शेठजी. निम्मी बाजारपेठ."

मी हे जळगावला कचेरीत सांगितलं. माझ्या पद्धतीनं सांगितलं, म्हणजे ओटा, संध्याकाळ, शेठजींचं उपरणं, सगळं. साहेब खूश झाले. मग म्हणाले, "पण हे सिद्ध कसं होतं?" आणि नाना, मला नेमकं तेवढंच आठवेना. पानं, पंगत, सगळं डोक्यातून गेलं. मी ठणकावून सांगितलं, "आमच्या नानांनी मोजले." पुढे कित्येक दिवस कचेरीत तुमची ख्याती लोकांच्या डोक्यावरचे केस मोजणारा इसम अशी होती. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "साडूबुवा, तुम्ही जिलबी वाढता आणि भात विसरता."

तुमचं सगळ्यात देखणं उत्तर मात्र वेगळंच. कोणीतरी विचारलं होतं, एकानं जांभई दिली की दुसऱ्याला का येते? तुम्ही पाठ सरळ केलीत, टोपी नीट केलीत, सत्काराच्या वेळी लोक करतात तशी, आणि म्हणालात, "माहीत नाही." आणि ऐसपैस जांभई दिलीत. सगळ्या ओट्यानं दिली. मी आयुष्यात पुष्कळ विद्वान पाहिले, पण 'माहीत नाही' एवढ्या थाटात म्हणणारा तुमच्यावाचून पाहिला नाही. मला ते कधी जमलं नाही. माहीत नसलं की माझ्या तोंडून आपोआप गोष्ट सुरू होते.

आता आपल्या भांडणाकडे येतो.

आबांनी दिलेलं पील तुम्ही परसात न्हाणीच्या पाण्याजवळ लावलंत आणि शेजारी एक लाकडी खुंटी ठोकलीत. मला वाटलं म्हैस बांधणार. म्हैस कधी आली नाही. केळ वाढली, निसवली, घड उतरला, बुंधा तोडला, शेजारचं पील वाढलं, त्याचा घड उतरला, तेही तोडलं, त्याच्या शेजारचं वाढलं. वर्षं गेली. शेर जाऊन किलो आला, आणे जाऊन नवे पैसे आले, माणूस चंद्रावर जाऊन परत आला. एके दिवशी तुम्ही मला परसात नेलंत आणि म्हणालात, "बघा."

खुंटी होती तिथंच होती. केळ मोरी ओलांडून शेठजींच्या भिंतीपाशी पोचली होती.

"चालते!" तुम्ही म्हणालात. तुमच्या चेहऱ्यावर असा आनंद, की जणू तुमचा मुलगा पहिलं पाऊल टाकत होता.

"चालते कसली? पाण्याकडचं पील तुम्ही राखता, बाकीची खणून काढता. तुम्ही चालवता."

"मी फक्त दिशा दाखवतो. पाय तिचे."

भिंतीपलीकडून शेठजींचा आवाज आला, "मास्तर, माझ्या हद्दीत आली तर घड माझा हां!"

त्यावरून पेटलं. तुमचं म्हणणं, आबांच्या आजोबांनी लावलेली केळ ती हीच. ती मेलीच नाही. वरचे बुंधे येतात-जातात, ते नुसते पानांचे वेढे. सोलत गेलं तर आत खोड म्हणून काही सापडतच नाही. केळ म्हणजे खालचा कंद, आणि तो एकातून एक चालूच आहे. माझं म्हणणं, तोडलं ते मेलं. ज्या केळीचा घड गेल्या वर्षी खाल्ला ती गेल्या वर्षी संपली. ही नवी. नव्याला जुनं म्हणून तुम्ही शास्त्राचा अपमान करताय, असंही मी म्हटलं. शास्त्राच्या मास्तरांना शास्त्र शिकवायला मी कधी लाजलो नाही.

हे भांडण आपण दिवाळीत भांडलो, आखाजीला भांडलो, यावलला पाटाच्या कडेला बसून भांडलो, पांझरेच्या काठानं फिरताना भांडलो. फिरायला निघण्याआधी तुम्हाला भज्यांची बशी लागायचीच. अक्का म्हणायची, "फिरून या, मग खा." तुम्ही म्हणायचात, "उपाशी माणूस चालत नाही, अक्का, तो ढकलला जातो." स्वतःच्या बायकोला अक्का म्हणणारा धुळ्यात तुम्ही एकटेच असाल. कोणी हसलं तर म्हणायचात, सगळा खानदेश तिला अक्का म्हणतो, मी एकट्यानं फुटून कशाला निघू?

शेवटचं भांडण भाद्रपदातलं. तुमच्या छातीत दुखत होतं, डॉक्टरांनी भजी बंद केली होती, त्यामुळे फिरणं आपोआपच बंद. तुम्ही परसात खुर्ची टाकून बसला होतात, खांद्यावर शाल. केळ नुकतीच निसवली होती, केळफुलाचं लाल कमळ खाली लोंबत होतं. मी त्या दिवशी घरून तयारी करून आलो होतो. एसटीत बसल्या बसल्या सुचलेला मुद्दा होता.

"नाना, मान्य. कंद एकच म्हणून केळ एकच. पण यावलहून आणताना आबांनी कुदळ मारली. कंद तोडला. मग ती केळ यावलला राहिली आणि ही धुळ्याची निराळी. आता बोला."

मला वाटलं, जिंकलो. मग तुमचे डोळे बारीक झाले, ते चांगलं काही सुचलं की व्हायचे तसे.

"थांबा," म्हणालात. "याच्यावर एक मुद्दा आहे माझ्याकडे. आत्ताच आला. बिनतोड आहे. चहा येऊ द्या."

चहा आला. चहाबरोबर अक्का आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमची शेवटची गाडी चुकेल हं." मी घाईघाईनं उठलो. तुम्ही खुर्चीतूनच हात वर केलात.

"पुढच्या वेळी सांगतो. तुम्हाला उत्तर देता येणार नाही, साडूबुवा. लिहून घ्या."

पुढची वेळ आली तेव्हा परसात तुम्ही नव्हतात.

तुमच्या जाण्याविषयी मला जे वाटतं ते इतरांसारखंच वाटतं, ते सगळे लिहितील. माझं दुखणं आणखी एक आहे. मी वाद जिंकलोय. तोडलं ते संपलं, हे मी म्हणत होतो, आणि तुम्ही उत्तर न देता उठून गेलात. भेटायला येणारा जो तो मान हलवून हळहळतो, "गेले हो, संपलं सगळं," आणि प्रत्येकाच्या तोंडी मला माझाच मुद्दा ऐकू येतो. असा विजय शत्रूला मिळू नये.

तुमचा तो मुद्दा कोणता होता हे शोधायला मी काय कमी धडपड केली? अक्काला विचारलं. "मला नाही बोलले," ती म्हणाली. मी स्वतः रचून पाहिलं. दिव्यावर दिवा लावला तर ज्योत तीच की दुसरी, हे सुचलं आणि मी हुरळलो. लगेच तुमचा आवाज आला, "ही उपमा झाली, साडूबुवा. मुद्दा कुठाय?" सोडून दिलं.

दिवाळीनंतर अक्कानं बोलावून घेतलं. मुलगा तिला नाशिकला नेणार, घर सोडायचं ठरलं होतं. घरमालकाला परसात फरशी घालायची होती. फरश्या दारात येऊनही पडल्या होत्या. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली, पुढे आली नाही.

"ह्यांची केळ तुम्ही न्या, भाऊ. उद्या माणसं येतील आणि खणून टाकतील. केळीच्या कांदेबाग लावणीचे दिवस आहेत, आत्ता लावली तर लागेल."

"कोणतं पील घेऊ, अक्का?"

"तुम्हीच बघा. मला तिकडं बघवत नाही."

ओट्यावर शेठजी एकटेच बसले होते, सवयीनं. मी बाजूला बसलो. मग ते म्हणाले, "हसताना डोळ्यांतून पाणी येतं. रडताना पण तेच. दोन्हीला एकच नळ का ठेवला असेल?"

माझ्याकडे गोष्ट तयार होती. ब्रह्मदेवाकडे नळ कमी पडले, इथपासून सुरू होणारी, चांगली रंगली असती. पण माझी पाठ आपोआप सरळ झाली, हात टोपीकडे गेला आणि मी म्हणालो, "माहीत नाही."

शेठजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. "अगदी तसंच म्हणालात," ते म्हणाले, आणि तो नळ आम्ही दोघांनीही थोडा वेळ चालू ठेवला. कशासाठी ते सांगता येणार नाही, कारण मधूनच त्यांना माठ आठवला आणि आम्ही हसत होतो.

त्या भरात उठलो, कुदळ घेतली, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

धुळे-जळगाव गाडीत मी ते पील मांडीवर घेऊन बसलो. रुंद पान शेजाऱ्याच्या नाकात, दुसरं खिडकीबाहेर. कंडक्टर आला, थबकला.

"ओ भाऊ, हाई काय शे?"

"केळीचं पील."

"ते दिसस माले. ठेवशात कोठे? बठ्ठी गाडी भरेल शे."

"मांडीवरच ठेवतो."

त्यानं जरा विचार केला. "मंग तिकीट नही लागाव. मांडीवरलं पोर फुकट शे."

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. शेळीवर नजर ठेवत मी जळगावच्या स्टँडवर उतरलो. घरी आलो, ओट्यावर पील ठेवलं आणि विजयी मुद्रेनं उभा राहिलो. तुमची मेहुणी दारात आली. तिनं आधी पिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आबांची मुलगी ती, एका नजरेत ओळखलंच.

"अक्कानं दाखवलं नाही?"

"ती परसात आली नाही."

"आणि तुम्हाला दिसलं नाही?"

"हे चांगलं भरलेलं वाटलं."

"मला बघायला आलात तेव्हा बरी मी हडकुळी चालले," ती म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"उद्या पहाटेच्या गाडीनं परत जातो."

"तुम्ही पोचेपर्यंत तिथं फरशी पडलेली असेल. राहू द्या. जे आलंय ते आलंय."

तिनं मागच्या अंगणात खड्डा घेतला, शेणखत घातलं, कंद साफ केला, लावला. मग विळा आणला आणि ती सगळी हिरवीगार, डौलदार, धुळ्याहून मांडीवर आणलेली पानं खटाखट छाटून टाकली. मी ओरडलोच.

"अगं, आता उरलं काय?"

"एवढी पानं ठेवली तर आहे तेवढं पाणी घामातच घालवील. मुळं कुठायत त्याला प्यायला? नानांचा माठ तुम्ही सगळ्या जळगावला ऐकवता, आणि स्वतः काय ऐकलंत?"

माती दाबताना ती जरा जास्तच वेळ तिथं बसून राहिली. मी पाण्याची बादली घेऊन मागं उभा होतो, पण पुढे झालो नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. नाना, मी त्या बोटभर ठोंबाकडे जसा बघत होतो तसं मी माझ्या बढतीच्या हुकमाकडेही कधी बघितलं नाही. सगळ्या केळी तुटल्या होत्या. तुमच्या परसात फरशी. यावलची बाग आबा गेल्यावर विकली, तिथं आता कापूस आहे. त्या केळीचं जे काही उरलं होतं ते माझ्या अंगणात, तेही चुकीचं, तेही बोडकं. ते गेलं असतं तर माझा मुद्दा कायमचा सिद्ध झाला असता. मला हरायचं होतं. जन्मात पहिल्यांदा मला वादात हरायचं होतं, आणि त्यासाठी धुळ्याला जाऊन मी नेमकं जिंकून देणारं पील घेऊन आलो होतो.

ठोंब वरून काळा पडला. शेजारी म्हणाले, कुजलं. थंडी पडली. मी रात्री त्याच्यावर पोतं टाकायचो, सकाळी काढायचो. मनातल्या मनात तुमच्याशी भांडायचो, दोन्ही बाजूंनी मीच, आणि तुमची बाजू मांडताना मला नेहमीच चांगलं सुचायचं. तेवढ्यापुरते तुम्ही समोर खुर्चीत असायचात, शाल घेऊन, डोळे बारीक करून. ते दिवस वाईट होते असं मी म्हणणार नाही.

आणि परवा सकाळी पोतं काढलं तर काळ्या ठोंबाच्या बरोबर मध्यातून पोपटी सुरळी वर आली होती. करंगळीएवढी. गच्च गुंडाळलेली.

मी तिथंच मातीत बसलो. कुदळीनं तोडलेली, दुसऱ्या जिल्ह्यात आणलेली, चुकीची, बोडकी, आणि तरी तीच. आबांच्या आजोबांची. तुमची. तुमचा बिनतोड मुद्दा कोणता होता ते मला अजूनही कळलेलं नाही, आणि आता कळणार नाही. तो तुम्ही घेऊन गेलात. पण उत्तर मला देता येत नाही, हे तुम्ही म्हणाला होतात ते खरं ठरलं. हरलो, नाना. इतक्या आनंदानं मी कधी हरलो नव्हतो.

मी हिला हाका मारून बाहेर बोलावलं. म्हटलं, "बघ, नाना बरोबर होते. ही तीच आहे. आता पुढं काय करायचं?"

ती वाकली, सुरळीला बोट लावलं न लावलं, पदरानं नाक पुसलं आणि सरळ झाली.

"आधी शेजारी खुंटी ठोका," ती म्हणाली, "आणि न्हाणीचं पाणी इकडं वळवा. नानांना उपाशी चालायची सवय नव्हती."